मुलीची अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीची उजळणी घ्यायची आहे, मार्गदर्शन हवे

पंपवाला

नमस्कार मंडळी. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अप्लाइड अ‍ॅनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजीचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय. उजळणी घ्यायचं काम माझ्याकडे, कारण तिची आई म्हणते हाडं-आतडी ऐकत मला जेवण जात नाही.

रोज रात्री मी वही धरून विचारतो, ती धडाधड सांगते. हाडं किती? २०६. मेंदूतून थेट निघणाऱ्या नर्व्ह? १२ जोड्या. स्पायनल? ३१ जोड्या. धडा धरून विचारलं की दहापैकी नऊ बरोबर. परवा विचारलं, आर्टरी म्हणजे काय? "शुद्ध रक्त नेते ती." दोन पानं उलटली आणि विचारलं, पल्मनरी आर्टरी, म्हणजे हृदयातून फुफ्फुसाकडे जाणारी? "अशुद्ध रक्त नेते." म्हटलं, अगं मग ती आर्टरी कशी झाली? तिने वही आपटली आणि झोपायला गेली.

मी रात्रभर विचार करत होतो. आमच्याकडे पंपातून निघते ती डिलिव्हरी लाइन आणि पंपाकडे येते ती सक्शन. आत पाणी आहे की मळी आहे, त्यावरून लाइनचं नाव बदलत नाही. इथेही तसंच असावं ना? चुकत असेन तर सांगा. आणि मुख्य म्हणजे, अकरा धडे सुटे पाठ आहेत पण एकत्र काही लागत नाही, तर उजळणी कशी घ्यावी?

जुनी_सिस्टर

पंपवाले दादा, अगदी बरोबर. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. बास. आत ऑक्सिजन किती आहे याचा नावाशी संबंध नाही. "शुद्ध-अशुद्ध" हे शब्द तिच्या डोक्यातून आधी काढा. पस्तीस वर्षं शिकवताना या दोन शब्दांनी मला जेवढं छळलं तेवढं कुणी छळलं नाही. ते रक्त काही घाण नसतं, त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, इतकंच.

धड्यांनी उजळणी घेणं थांबवा. धडे छापखान्याच्या सोयीसाठी असतात, शरीरात कुठे पान उलटत नाही. मी मुलींना एक भाकरीचा घास द्यायचे आणि म्हणायचे, याच्या मागे-मागे जा. तुमच्या लेकीला उद्या जेवताना हेच करायला लावा.

घास तोंडात. लाळेतलं अ‍ॅमायलेज पिठाला तोडायला लागतं, म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि एपिग्लॉटिस श्वासनलिकेवर झाकण धरतं. बोलता-बोलता गिळलं की ठसका लागतो तो यामुळेच. बेशुद्ध पेशंटला तोंडाने पाणी का पाजायचं नाही, हे उत्तर इथेच मिळतं. मग साधारण २५ सेंटीमीटरची अन्ननलिका, मग जठर. जठरातल्या आम्लात लाळेतलं अ‍ॅमायलेज बंद पडतं, प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिनचं मात्र तिथे फावतं. पुढे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो. हा रस अल्कधर्मी, त्याने आम्ल मारलं जातं. पित्तात पाचकरस म्हणजे एन्झाइम एकही नाही, ते स्निग्धाचे बारीक थेंब करून देतं. तयार यकृतात होतं, पित्ताशयात नुसतं साठतं आणि दाट होतं. म्हणून पित्ताशय काढलेला माणूस जेवतो-खातो.

आता खरी गंमत. लहान आतड्यातून साखर रक्तात शिरली. ते रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जातं, तिथे पुन्हा केशिकांमध्ये पसरतं आणि मगच इन्फिरिअर व्हेना केव्हा या मोठ्या व्हेनमधून हृदयाला मिळतं. जकात नाकाच म्हणा. पोटातून घेतलेल्या काही औषधांचा मोठा हिस्सा या नाक्यावरच संपतो. छातीत दुखताना गोळी जिभेखाली का ठेवतात? जिभेखालच्या शिरांना हा नाका लागत नाही. माझ्या अनुभवात हे एक वाक्य समजलं की पचनसंस्था, रक्ताभिसरण आणि औषधशास्त्र तिन्हींची गाठ बसते.

पुढचं थोडक्यात. उजवं हृदय, फुफ्फुस, डावं हृदय, महाधमनी, स्नायू. तिथे इन्सुलिन साखरेला पेशीत शिरायला मदत करतं, मेंदूला मात्र साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही. साखर ऑक्सिजनबरोबर जळते, कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसातून बाहेर. डाळीतल्या प्रथिनांचा नायट्रोजन यकृतात युरिया होतो आणि मूत्रपिंडातून बाहेर. एका घासात किती धडे झाले, मोजा.

सांगलीकर_०७

वाचनखूण साठवली. आमच्या सूनबाईंना दाखवतो.

मणका

फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक. सिस्टरांच्या घासाला माझं पूर्ण अनुमोदन, पण हाडं-स्नायू-नसा घासात येत नाहीत. त्यांचा अभ्यास स्वतःच्या अंगावर बोट ठेवून करायचा.

तिला सांगा, गळ्याच्या खाली दोन हाडांच्या मधल्या खळग्यात बोट ठेव आणि छातीच्या हाडावरून सावकाश खाली सरकव. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याला लुईचा कोन म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली बरगडी गळ्याच्या हाडाखाली लपलेली, हाताला धड लागत नाही, म्हणून मोजणी नेहमी इथून. दुसरीच्या खाली दुसरी फट. तिथून डाव्या बाजूने पाचव्या फटीपर्यंत उतरायचं आणि गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून खाली काढलेल्या रेषेवर यायचं. हृदयाचं टोक तिथे बोटाला ठोके देतं. हृदय "डाव्या बाजूला" नसतं, मधोमध असतं, टोक डावीकडे कललेलं. हे एकदा बोटाला कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

दुसरं, आपल्या भाषेतल्या "नस" या शब्दाने सावध राहायचं. पेशंट येतो, "नस दबलीय": ती नर्व्ह असू शकते. "नस चढली": तो स्नायूचा गोळा. "नस सापडत नाही" असं सलाइन लावताना सिस्टर म्हणते ती व्हेन. मनगटाची "नस" दाखवतात तो पुष्कळदा टेंडन असतो, स्नायू हाडाला बांधणारी दोरी. एक शब्द, चार अवयव! उसण भरली, चमक भरली, मुंग्या आल्या, वाटी सरकली, असं प्रत्येक वाक्य घ्या आणि तिला विचारा, यात नेमकं कोण दुखतंय? वॉर्डात पेशंट इंग्रजी बोलणार नाहीत.

"मणक्यात गॅप आलाय" हे तर माझं रोजचं. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली गादी झिजून अंतर कमी झालेलं असतं. गॅप आलेला नसतो, गेलेला असतो.

पंपवाला

@मणका, बोटाचा प्रयोग आत्ताच केला. ठोका लागला! एक शंका तिच्याकडून. मानेचे मणके ७ आणि मानेच्या नर्व्ह ८, ही छापण्यातली चूक का?

मणका

चूक नाही. पहिली नर्व्ह कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधून निघते. म्हणजे मानेत प्रत्येक नर्व्ह आपल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. सातव्या मणक्याच्या खालून निघणारीला नाव उरत नाही, म्हणून ती आठवी. तिथून खाली सगळ्या आपापल्या मणक्याच्या खालून. ८, १२, ५, ५, १, झाल्या ३१.

आणखी एक, हमखास विचारतात. मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणून पाठीतलं पाणी काढायची सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. तिथे नुसत्या नर्व्हच्या लडी लोंबत असतात, सुई आली की बाजूला सरकतात. कमरेच्या इंजेक्शनला नितंबाचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश का, हेही पाठ न करता बघायला सांगा: सायटिक नर्व्ह कुठून जाते ते चित्रात काढलं की उरलेली जागा आपोआप तीच.

ताम्हणकाठ

अवांतर: कवितेत "काळीज" धडधडतं, पण मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो यकृत तोलतो. मग आमचे कवी इतकी वर्षं लिव्हरवर लिहीत होते का? (हलके घ्या.)

जुनी_सिस्टर

@ताम्हणकाठ, हसू नका, "पित्त झालंय" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना जठरातलं आम्ल त्रास देत असतं, पित्त बिचारं कुठेच नसतं. पण मटणवाल्याचं बरं आठवलं. पंपवाले, तुमच्याकडे चालत असेल तर रविवारी बोकडाचं हृदय आणा. न चिरता द्या म्हणावं. तिला हातात धरून बघू दे.

निळाई

चांगला धागा. मी एवढंच सांगेन की व्हेनमधलं रक्त निळं असतं, हवा लागली की लाल होतं, असं लक्षात ठेवलं की आर्टरी-व्हेन चुकत नाही. मनगटावर बघा, निळ्याच दिसतात.

खडूफळा

@निळाई, रागावू नका, पण हे चूक आहे आणि पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. माणसाचं रक्त कधीच निळं नसतं. ऑक्सिजन कमी असला की गडद, करवंदाच्या रसासारखं लाल. तपासणीला रक्त काढतात ते व्हेनमधूनच, आणि बंद नळीत हवा लागायच्या आधीच लाल दिसतं. निळेपणा दिसतो तो कातडीतून प्रकाश जसा परततो त्यामुळे. पुस्तकातल्या चित्रात निळी शाई वापरली, त्याचा हा घोळ.

मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. आणखी एक घोळ मराठी शब्दांचा. हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांना आमच्या लहानपणी कर्णिका-जवनिका होतं, आता अलिंद-निलय. आर्टरी-व्हेनला कुणी धमनी-शीर म्हणतं, कुणी रोहिणी-नीला. आणि "नीला" हे नाव वाचून पोरं पुन्हा निळ्या रक्ताकडेच! त्यामुळे मुलीला मराठीतून समजू दे, पण नावं थेट इंग्रजीच घोकू दे.

करवीरकर

@खडूफळा, याला माझा विरोध. रोहिणी-नीला हे शब्द किती सुंदर आहेत. आपणच वापरले नाहीत तर मरतील.

खडूफळा

सुंदर आहेतच. पण पेपर इंग्रजीत आहे हो साहेब. शब्द वाचवायचा का सेमिस्टर?

रात्रपाळी

आयसीयूत आहे, आत्ता थोडी फुरसत. श्वसनाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

पंपवाल्यांना आकडे आवडतील. साधा श्वास सुमारे ५०० मिली. त्यातले साधारण १५० मिली घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच अडकतात, वायुकोशापर्यंत पोचतच नाहीत. नुसता पाइपातला माल. आता एक माणूस मिनिटाला १२ श्वास घेतो, ५०० मिलीचे. एकूण ६ लिटर. दुसरा भराभर उथळ घेतो, २५० मिलीचे २४. तेही ६ लिटर. पण वायुकोशात किती? पहिल्याच्या ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर. दुसऱ्याच्या १०० गुणिले २४, म्हणजे २.४ लिटर. बाहेरून बघणाऱ्याला दुसरा जास्त जोरात श्वास घेतोय असं वाटतं, आत मात्र उपाशी. म्हणून आम्ही श्वासाचा वेग एवढा जपून मोजतो. पेशंटला "मोजतेय" असं सांगायचं नाही, सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडी धरल्याचं नाटक करायचं आणि डोळा छातीवर.

आणि श्वास घ्यायची घाई मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नंतर. श्वास रोखून धरून बघा, ज्याने जीव कासावीस होतो तो तोच.

पंपवाला

@रात्रपाळी, हे गणित तिला वहीवर करायला लावलं. तिने उत्तर काढलं आणि म्हणाली, "बाबा, डेड स्पेस म्हणजे हे होय?" शब्द आधीपासून पाठ होता!

पण आज माझंच डोकं फिरलंय. मूत्रपिंडात दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी दीड लिटर. म्हणजे १७८.५ लिटर परत घ्यायचं. आमच्याकडे असं डिझाइन कुणी आणलं तर त्याला गेटबाहेर काढतील.

गाळणी

डायलिसिस टेक्निशियन आहे, हा प्रश्न माझा.

तुमचा राग समजतो, पण डिझाइन हुशार आहे. शरीरात नको असलेल्या गोष्टी हजारो, रोज नव्या येतात. प्रत्येकीला ओळखून बाहेर काढायचं म्हटलं तर प्रत्येकीसाठी वेगळं दार लागेल. त्याऐवजी मूत्रपिंड काय करतं? आवरायला काढलेल्या कपाटासारखं सगळं बाहेर ओततं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. मग हवं ते ओळखून परत घेतं: साखर, अमिनो आम्लं, मीठ, पाणी. हव्या गोष्टींची यादी छोटी असते. उरलं ते, ओळखीचं असो-नसो, बाहेर. काही पदार्थ पुढे नळीत ढकलूनही टाकतं, पण मुख्य युक्ती ही.

एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणाऱ्या बारीक नळ्या. दोन्ही मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिली गाळतात. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसाला साठ वेळा गाळून निघतो. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की परत घेणारे हात अपुरे पडतात आणि साखर लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढत. मधुमेहात सारखी लघवी, सारखी तहान ती इथून. तिला एवढं सांगा आणि मग विचारा, हा प्रश्न कुठल्या धड्यातला?

मूत्रपिंड म्हणजे नुसती गाळणी नव्हे, हेही (माझं नाव तसं असलं तरी). एरिथ्रोपोएटिन तिथे बनतं, ते हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला लावतं. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा येणारे पेशंट पांढरेफटक असतात ते म्हणून. मशीन रक्त गाळतं, पण हे हार्मोन बनवत नाही, त्याचं इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं. रक्तदाबाची सूत्रंही बरीचशी इथेच, मूत्रपिंडातूनच सुटणाऱ्या रेनिनच्या हातात.

जुन्या_वह्या

इतकं सगळं झालं तर थोडा इतिहासही. रक्त गोल फिरतं हे हार्वेने १६२८ मध्ये मांडलं, तेही पंपवाल्यांच्याच पद्धतीने, हिशेबाने. एका ठोक्याला थोडंसं रक्त बाहेर पडतं धरलं आणि ठोक्यांनी गुणलं, तरी अर्ध्या तासात अंगात असेल त्याहून जास्त रक्त होतं. एवढं रक्त खाल्लेल्या अन्नातून सतत नवं बनणं शक्य नाही, म्हणजे तेच परत येतंय. आर्टरीतून व्हेनमध्ये ते जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नाही. केशिका मालपिगीने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या १६६१ मध्ये. हार्वे त्याआधी चार वर्षं वारला होता.

आजचा हिशेब: ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे सुमारे ५ लिटर. अंगातलं सगळं रक्त जवळपास मिनिटाला एक फेरी मारतं.

पंपवाला

हार्वे आमच्या खात्यातलाच निघाला. आता शेवटचं. हार्मोनचा धडा तिला अजिबात जात नाही. थायरॉइड कमी असलेल्याचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) जास्त का येतो, यावर ती रडकुंडीला आलीय.

जुनी_सिस्टर

दादा, तुमच्या टर्बाइनला गव्हर्नर असतो ना? वेग पडला की वाफ जास्त सोडतो, वेग वाढला की आवळतो. पिट्युटरी, मेंदूखालची छोटी ग्रंथी, म्हणजे तो गव्हर्नर आणि टीएसएच म्हणजे त्याने सोडलेली वाफ. थायरॉइड मंदावली की गव्हर्नर झडप उघडतच जातो. रिपोर्टात दिसणारा जास्तीचा टीएसएच म्हणजे त्याची उघडलेली झडप. उलट थायरॉइड बेफाम सुटली की टीएसएच जवळजवळ शून्याला. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. बहुतेक हार्मोन याच चालीने. उलटी चाल क्वचित: बाळंतपणात बाळाचं डोकं दाबतं, ऑक्सिटोसिन सुटतं, कळा वाढतात, डोकं आणखी दाबतं, आणखी ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर आल्यावरच थांबतं. आणि ऑक्सिटोसिन बनतं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, पिट्युटरीच्या मागच्या भागात नुसतं साठतं. लघवीतलं पाणी वाचवणाऱ्या एडीएच हार्मोनचंही तसंच. हे हमखास चुकतात.

पंपवाला

धागा वर काढतोय. काल रविवार होता. हृदय आणलं, न चिरता. बायकोने सुरी दिली नाही, म्हणाली भाजीची सुरी मिळणार नाही, मग पोरीचीच कॉलेजची कात्री. स्टीलच्या परातीत ठेवलं. मुठीएवढं, वर पांढरट चरबीच्या रेघा, त्या रेघांतून हृदयाच्या स्वतःच्या धमन्या जाताना दिसतात. तिने आधी दोन्ही बाजू चिमटीत धरून बघितल्या: एक बाजू मऊ, दाबली की बसते, दुसरी टणक. "ही टणक ती डावी," म्हणाली, न विचारता.

मग महाधमनीच्या तोंडातून तांब्याने पाणी ओतलं. मला वाटलं सरळ आत जाईल. पाणी तिथेच थांबलं, नळीत उभं! आत वाकून बघितलं तर तीन पातळ पडदे फुगून एकमेकांना भिडलेले. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आम्ही दोघं पाच मिनिटं तेच करत बसलो. ती म्हणाली, हे बंद होतात तो दुसरा आवाज, डब. आणि पहिला लब म्हणजे आतले दोन मोठे. मग कापलं. आत झडपांना बांधलेले पांढरे दोरे, शिवणाच्या दोऱ्याएवढे, ओढले तरी तुटेनात. डावी भिंत उजवीच्या तिप्पट तरी जाड. मी मुद्दाम विचारलं, रक्त तर दोघांकडून सारखंच जातं, मग ही एवढी जाड कशाला? म्हणाली, "उजवीला शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचंय, डावीला पायाच्या अंगठ्यापर्यंत." हेड (पंपाला लावावा लागणारा जोर) जास्त, म्हणून मोटर मोठी. मला आणखी काय हवं.

आता मूत्रपिंडही आणून उभं कापून बघायचं म्हणतेय. पण पेपर शुक्रवारी, आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार पाळतात, म्हणजे मंगळवार किंवा बुधवारीच जमेल.

जुनी_सिस्टर

मंगळवारी आणा. बाहेरची गडद साल आणि आतला फिका भाग छान दिसेल. फक्त एक लक्षात ठेवा. बोकडाच्या मूत्रपिंडात आतला भाग जुळून एकच कंगोरा झालेला असतो, माणसात ८ ते १८ वेगवेगळे पिरॅमिड असतात. परातीत बघितलेलं जसंच्या तसं काढून आली तर मार्क जातील. पेपरात माणसाचं काढ म्हणावं.